गडग्याच्या आतला सूर

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या गॅरेजमध्ये चाचा बेल्टची चिरचिर शोधत होते. वैशाखातली अकराची वेळ, पत्र्याच्या शेडखाली ग्रीसचा आणि तापलेल्या रबराचा वास. खाली हात घालता यावा म्हणून त्यांनी एअर फिल्टरचा अख्खा डबा आणि त्याला जोडलेला फुगीर प्लास्टिकचा पाइप काढून शेजारच्या जुन्या टायरवर ठेवला होता. "बसा आत, चालू करा आणि हळूहळू रेस द्या," ते म्हणाले. मी पाय दाबला आणि बॉनेटखालून एक बारीक, लांबट सूर उठला. त्यात ठोके नव्हते, धडधड नव्हती. काटा वर सरकेल तसा तो सूरही सरकत वर गेला, मध्ये कुठेही न तुटता. पाय सोडला तसा सावकाश उतरून विरला. चाचांना चिरचिर कुठून येते ते कळलं, त्यांनी मान हलवली. मी मात्र काहीही कारण नसताना आणखी एकदा रेस दिली. इतकी वर्षं रोज चालवत असलेल्या गाडीचा हा आवाज मी तोवर कधी ऐकलाच नव्हता.

मग चाचांनी डबा परत बसवला.

घरी येताना गाडी नेहमीसारखी गप्प होती. भाट्याच्या पुलावर खाडीचा वारा, पुढे सुरूच्या बनातली सळसळ, टायरखालची खडी, सगळं ऐकू येत होतं. इंजिन तेवढं नव्हतं. आणि ते गप्प असणं त्या दिवसापासून मला खुपायला लागलं.

गाडी मर्सिडीजची सी २०० कॉम्प्रेसर. पुण्याहून जुनी घेतलेली, पंधरा वर्षं उलटून पुन्हा पासिंग करून घेतलेली. नाव ऐकून लोकांना वाटतं, ही झाकून ठेवायची आणि लग्नाकार्याला बाहेर काढायची गाडी असेल. आमच्याकडे ती रोजची आहे. गोळपच्या सड्यावरून रत्नागिरीला नोकरीवर जायचं, येताना बाजार आणि मासळी आणायची, एप्रिल-मेमध्ये डिकीत हापूसच्या पेट्या. १७९६ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, आणि त्याच्या कडेला बेल्टवर फिरणारा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं यंत्र. गाडीच्या नावातला कॉम्प्रेसर तो हाच, आणि गॅरेजमध्ये ऐकलेला सूरही त्याचाच. हेच काम करणाऱ्या टर्बोला धुराच्या जोराची वाट बघावी लागते. सुपरचार्जर थेट क्रँकला, इंजिनाच्या मुख्य दांड्याला, बांधलेला असतो, इंजिन फिरलं की तो फिरतोच. सड्यावर चढताना वळणातून बाहेर पडून पाय दाबला की गाडी त्याच क्षणी उचलते, ती त्यामुळेच. त्यासाठी तो इंजिनाचीच थोडी ताकद खातो, पेट्रोलही खातो, आणि म्हणून कंपनीने पुढे चार सिलिंडरच्या गाड्यांना टर्बो लावले. हे सगळं मान्य करूनही मला तो आवडतो. त्याचं काम उघड असतं. घेतो, ढकलतो, पुन्हा घेतो.

या यंत्राचं मूळ गाडीत नाहीच. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी रूट्स नावाचे दोन भाऊ लोकरीची गिरणी चालवायचे. त्यांनी १८६० साली या जातीच्या ब्लोअरचं, म्हणजे हवा ढकलणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं. पुढे भट्ट्यांना वारा घालायला तो वापरला गेला. इंजिनात हवा कोंबायची कल्पना गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ मध्ये पेटंटात मांडली, आणि १९२१ मध्ये मर्सिडीजने कॉम्प्रेसर लावलेल्या गाड्या बर्लिनच्या प्रदर्शनात ठेवल्या. त्या काळच्या त्यांच्या मोठ्या गाड्यांमध्ये पाय पूर्ण दाबला तरच ब्लोअर जोडला जायचा, आणि तो जोडला गेल्याचं रस्त्यावरच्या प्रत्येकाला ऐकू यायचं. तिथपासून माझ्या गाडीपर्यंतच्या काळात इंजिनिअरांनी तो आवाज लपवायला अपार मेहनत घेतली. पाती पिळदार केली, हवेच्या वाटेवर आवाज गिळणारे पोकळ डबे लावले, वरून जाड झाकण घातलं. चाचांनी टायरवर काढून ठेवलेला फुगीर पाइप म्हणजे त्या मेहनतीचाच एक तुकडा.

तो सूर येतो कुठून, हे समजून घेण्यात माझे काही रविवार आनंदात गेले. अशा ब्लोअरमध्ये दोन रोटर असतात, प्रत्येकाला तीन पाती. एका फेऱ्यात हवेचे सहा पुंजके पुढे ढकलले जातात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल आणि ब्लोअर त्याच्या दुपटीने फिरतो असं धरलं, तर सेकंदाला १०० फेरे, म्हणजे ६०० पुंजके, म्हणजे ६०० कंपनांचा सूर. त्याच वेळी चार सिलिंडर सेकंदाला १०० वेळा पेट घेतात, तो मागच्या नळीतून येणारा घुमारा. दोघांमध्ये अडीच सप्तकांचं अंतर. एकाच इंजिनात एकाच वेळी ढोल आणि सनई वाजत असतात, आणि गाडीचा आवाज वाढवायचा म्हटलं की जो तो ढोलाच्या मागे लागतो.

शिमग्यात पालखी कुठल्या वाडीत आहे, हे आम्ही लहानपणी अंगणात उभं राहून सांगायचो. आधी पोचायचा तो ढोल. मधे दोन वहाळ, आंब्याकाजूची झाडं, घरं, सगळं ओलांडून तो पोटात येऊन बसायचा. सनई ऐकू यायची ती पालखी पाणंदीत शिरल्यावर, जवळजवळ दारात. लहानपणी वाटायचं, सनईवाला दमत असेल, जवळ आल्यावरच फुंकत असेल. खरं कारण आवाजातच आहे. १०० कंपनांची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. जांभ्याच्या छातीएवढ्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, ती वळसा घालून पलीकडे उतरते, झाडापानांना जुमानत नाही, भिंतीतूनही शिरते. ६०० कंपनांची लाट अर्ध्या मीटरपेक्षा थोडीच जास्त. तिला गडगा अडवतो, पानं अडवतात, काच अडवते. ढोल गावासाठी असतो आणि सनई जवळच्यांसाठी, हे ज्यांनी वाजवलं त्यांना कधीच कळलेलं असणार.

गॅरेजमधल्या पोराला माझं मन कळलं होतं. चाचांचा पुतण्या, विशीतला, हाताला गुण असलेला. "दादा, मागचा डबा उडवू. मधला रेझोनेटर काढू, फ्री फ्लो टाकू. भाट्यात वळलात की घरी कळलं पाहिजे." म्हणजे मागचा सायलेन्सर आणि आवाज गिळणारा मधला डबा काढून मोकळी नळी घालायची. त्याचे डोळे चमकत होते. त्याच्या मोबाइलमध्ये असे किती तरी आवाज साठवलेले होते आणि प्रत्येक ऐकवताना तो श्वास रोखून माझ्याकडे बघायचा. ह्या पोरांना उठवळ म्हणणं सोपं आहे, मला ते जमत नाही. आरे-वारेच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी बाहेरगावच्या गाड्या फटाके फोडत जातात, बुलेटवाले कर्कश इंदोरी सायलेन्सर लावून गणपतीपुळ्याला जातात, आणि त्यांचा मला भयंकर राग येतो, हे खरंच. पण त्या पोराच्या डोळ्यात जे होतं ते गुर्मी नव्हती. यंत्र जिवंत आहे हे कानाने पटवून घ्यायची ती ओढ होती आणि ती माझ्यातही तशीच्या तशी आहे. आमच्यात फरक एवढाच की माझ्या गडग्यापलीकडे कोण राहतं हे मला रोज दिसतं.

पलीकडच्या वहिनी रत्नागिरीत सरकारी दवाखान्यात परिचारिका आहेत. रात्रपाळी करून सकाळी येतात, चहा घेऊन खिडक्या उघड्या टाकून झोपतात. मी कामावर निघतो तेव्हा त्यांची मध्यरात्र असते. कायद्याने रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. वहिनींची रात्र त्या वेळापत्रकात बसत नाही. सायलेन्सर बदलला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं, हे मला माहीत होतं. पण निर्णय त्या भीतीने झाला नाही. सकाळी नऊ वाजता त्यांच्या खिडकीचा हलणारा पडदा बघितला की मागच्या डब्याला हात लावायचा विचार पुढे सरकायचाच नाही.

छोट्या पुलीचाही पर्याय होता. ब्लोअरच्या तोंडाशी कमी व्यासाची पुली बसवली की तो जास्त वेगाने फिरतो, हवेचा दाब वाढतो, ताकद वाढते आणि सूरही चढतो. परदेशात या गाड्यांना ती सर्रास लावतात. पण दाबलेली हवा तापते, आणि आमच्याकडची हवा मुळातच तापलेली, दमट. त्यात पंपावरचं साधं पेट्रोल तेव्हा ९१ ऑक्टेनचं होतं, जास्त दाब न सोसणारं. चढावर पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागलं तर पिस्टनला किती सोसावं लागेल, याचा हिशेब चाचांनी दोन वाक्यांत सांगितला आणि विषय मिटला. उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावायची कल्पनाही अशीच गेली. सूर सर्वांत मोकळा तिथेच मिळतो, हे कबूल. पण उन्हाळ्यात आमच्या रस्त्यांवर जांभ्याची तांबडी भुकटी उडत असते, आणि पावसाळ्यात वहाळ रस्त्यावर येतात. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा काय काय पाण्याखाली गेलं ते सगळ्यांनी पाहिलं. पाणी दाबलं जात नाही. हवेच्या वाटेने ते सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. हवा कंपनीने ठेवली तितक्या उंचीवरूनच घ्यायची आणि कागदी फिल्टरमधूनच गाळायची, एवढं कोकणात सोडता येत नाही.

राहिली ती वाट मला जास्त आवडली. टोयोटाने २०१२ च्या ८६ या गाडीत केलेली एक गोष्ट मी वाचली होती. हवेच्या पाइपला एक फाटा काढायचा, त्यात पातळ पडदा बसवायचा, आणि नळीचं दुसरं टोक फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्यापाशी, माणसांच्या बाजूला सोडायचं. हवा पडद्याच्या पलीकडे जात नाही, कंपनं तेवढी जातात. त्याच सुमाराला, २०११ मध्ये, बीएमडब्ल्यूने एम५ गाडीत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाजवायची सोय केली होती. तिचं मला राहून राहून वाईट वाटतं. इंजिन समोर धडधडत असताना त्याचा आवाज पेटीतून ऐकायचा! नळीत खोटं काही नाही. बॉनेटखाली जे घडतं तेच एका पडद्यावर थरथरतं आणि कानाशी येतं.

चाचांच्या पुतण्याने लेथवर नायलॉनची डबी कातली. आधी त्याचं मन नव्हतं, मागचा डबा राहिला म्हणून हिरमुसला होता. पण काम हातात घेतल्यावर पोरगा रंगला. पडदा नायट्रिल रबराचा, कारण तिथे तेलाची वाफ असते आणि साधं रबर ती सोसत नाही. पहिला पडदा जाड निघाला, त्यातून नुसती घुसमट आली. मग पातळ घेतला, तो फडफडायचा. ताण वाढवत, कमी करत, संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत आम्ही तिघं बॉनेटवर वाकलेले होतो. आवाज गिळणारा तो फुगीर पाइप काढून त्याजागी साधा गुळगुळीत पाइप घातला. नळी फायरवॉलच्या आधीपासूनच असलेल्या भोकातून रबरी बूच लावून आत घेतली. फाटा काढला तो फिल्टर आणि ब्लोअर यांच्यामध्ये. तिथे ओढ असते. पडदा फाटला तर न गाळलेली हवा इंजिनात जाईल, म्हणून सर्व्हिसिंगला तो तपासायचा असं चाचांनी माझ्या वहीत स्वतः लिहून दिलं. सायलेन्सर, धूर शुद्ध करणारा कॅट, मागचं काही काही हलवलं नाही.

आता भाट्याचा पूल ओलांडून चढ लागला की तो सूर माझ्या डाव्या गुडघ्याच्या वरून उठतो. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांपर्यंत नुसती चाहूल. अडीच हजारांच्या पुढे तो स्वच्छ होतो आणि वळणागणिक चढतो, उतरतो. रस्ता चढतो आहे की नाही, पाय किती दाबला आहे, गिअर कधी बदलला, सगळं त्यात ऐकू येतं. म्हणून मी गाडी अधिक हळू आणि अधिक नीट चालवायला लागलो. आधी वेग काट्यावर बघायचो. आता चढावर काट्याकडे लक्षच जात नाही, पायाला कानच सांगतो. सड्यावर काचा उघड्या टाकल्या तर वारा सूर पुसून टाकतो, म्हणून पावसाळी हवेत काचा बंद करून चालवण्याचं सुख वेगळंच. बाहेर मळभ, कातळावरचं नवं गवत, आणि आत ६०० कंपनं.

वहिनींना मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. बरेच दिवसांनी अंगणात भेटल्या तेव्हा मीच विचारलं, सकाळी गाडीचा त्रास होतो का. "भावोजी, तुमची गाडी कधी जाते ते मला आजवर कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. तरीही घरात शिरताना काहीतरी उणं वाटत राहिलं.

त्याचं कारण आई आहे. नानांची, म्हणजे वडिलांची, राजदूत मोटरसायकल होती. सांजेला ते पावस गावाहून यायचे तेव्हा खालच्या साकवावर फळ्यांचा खडखड आणि त्यामागे टू-स्ट्रोकची भर्र उठायची, आणि आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची. नाना अंगणात राजदूत उभी करून पाय धुऊन आत येईपर्यंत चहा तयार. एखाद्या दिवशी उशीर झाला की आई काही बोलायची नाही, पण हातातलं काम थांबवून साकवाच्या दिशेने बघत राहायची. आवाज आला की पुन्हा काम सुरू. आसपासच्या घरांनाही नानांची राजदूत ओळखीची होती. ती कुणाला त्रासाची वाटली असेल का? कुणी कधी म्हटलं नाही. त्या वेळी वाडीत इंजिनं किती होती? आज प्रत्येक अंगणात एक आहे, आणि प्रत्येकाने भर्र केलं तर कुणाच्याच आईला काही कळणार नाही.

मी येतो तेव्हा आई ओटीवर माळ ओढत बसलेली असते आणि मी समोर उभा राहिल्यावर दचकून म्हणते, "आलास कधी? कळलंच नाही." दर संध्याकाळी हेच वाक्य. माझा सूर माझ्याजवळ असतो, घरी कुणी त्याची वाट बघत नाही, बघू शकत नाही. सनई निवडली तिची ही किंमत आहे, आणि ती मी रोज देतो. मध्यंतरी आईला गाडीत बसवून स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला पावसला नेलं. परतीच्या चढावर ती थोडा वेळ कान देऊन बसली आणि म्हणाली, "हे काय वाजतंय? बरं वाजतंय." मी जरा जास्तच पाय दाबला, तिला वरचा सूर ऐकवायला. तिने पुढच्या दांडीला घट्ट धरलं, पण हळू चालव म्हणून म्हणाली नाही.

मागच्या डब्याला हात लावायची वेळ आता वेगळ्याच कारणाने आली आहे. तो गंजला आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं, आणि माझ्यासारख्या जवळच्या फेऱ्यांमध्ये डबा पुरता तापतच नाही, पाणी आतच साचतं. बाहेरून खारा वारा, आतून ते आंबट पाणी. तळाच्या शिवणीवर बोट फिरवलं तर पापुद्रे निघतात. कोल्हापूरच्या एका फॅब्रिकेटरकडे माप दिलं आहे. ३०४ स्टेनलेस, आर्गॉन वेल्डिंग, बेंड मँड्रेलवरच, म्हणजे नळी न चेपता, काढलेले. मापं घेताना त्याने विचारलं, आत नुसती सरळ नळी ठेवू का, थोडा बेस येईल, लोक तसंच मागतात. मी त्याला जुना डबा कापून आतले कप्पे मोजायला सांगितलं आणि सगळे तसेच घालायला सांगितले, वजन वाढलं तरी चालेल. चाचांचा पुतण्या बसवायला येणार आहे. त्याने स्वतःच्या जुन्या स्विफ्टसाठी तसलीच एक नायलॉनची डबी कातून ठेवली आहे. तिच्यात सुपरचार्जर नाही, तर नळीतून काय ऐकू येईल यावर आमची रोज फोनवर चर्चा चालते.